कुळ एक, कॉम्प्युटर दोन

आमच्या कुळाच्या छापील इतिहासाप्रमाणे मी माझ्या आईवडिलांच्या लग्नाला हजर होतो. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

यात आईवडिलांचा काहीही दोष नाही. दोष दोन कॉम्प्युटरांचा आहे, असं मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय, आणि ऐकणारा दर वेळी "असं होय!" म्हणून माझ्याकडे अशा काही नजरेने बघतो, की पुढचं बोलायची इच्छाच मरते. आज मात्र सगळं सांगून टाकतो. हसायचं तर हसा, त्याची मला सवय झालेली आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, डोंबिवलीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यात त्यांना दोन गोष्टी करायच्या राहिल्या होत्या. एक, हातखंबकर घराण्याचा कुलवृत्तांत छापणं. आणि दोन, माझी धाकटी बहीण मेधा हिचं लग्न. (क्रम त्यांचाच.) कुलवृत्तांतासाठी त्यांनी वीस वर्षं गावोगावच्या हातखंबकरांना पोस्टकार्डं लिहिली. कोण कधी जन्मला, कोणाचं लग्न कधी झालं, कोण कधी गेला, सगळं पत्र्याच्या एका ट्रंकेत साठवलं. त्या ट्रंकेवर आम्हाला बसायचीसुद्धा बंदी होती. एकदा मेधा बसली तर अण्णा म्हणाले, "ऊठ, पूर्वजांवर बसू नये."

शहाण्णव साली ती ट्रंक उघडली, कारण घराण्यात दोन कॉम्प्युटर आले.

पहिला माझा. मी डोंबिवलीत घरच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो. माझं मशीन खिडक्यांवालं, म्हणजे जगात सगळ्यांकडे असतं तेच. दुसरा अव्याचा. अविनाश हा ठाण्याचा माझा चुलतचुलत भाऊ. वर्तकनगरात त्याचा छपाईच्या मजकुराची पानं लावून द्यायचा धंदा होता आणि त्याच्याकडे ते सफरचंदवालं मशीन होतं. ते मशीन अव्याने आणलं त्या दिवसापासून आमच्या नात्यात माझ्या मशीनला कोणी कॉम्प्युटर म्हणेना. "अव्याचं बघ, कसं गोंडस आहे!" हे वाक्य मी मुंजीत, बारशात आणि एकदा तर दहाव्यालाही ऐकलंय.

आता काम कोणाला द्यायचं? एकाला दिलं तर दुसरी शाखा रुसणार. कारण आमच्या कुळात ठाणेकर ही थोरली पाती आणि डोंबिवलीकर ही धाकटी. अव्याचे आजोबा विष्णुपंत थोरले, माझे आजोबा गोपाळपंत धाकटे. वर्षातून एकदा कुलदेवीला पहिला नारळ ठाणेकर फोडणार, दुसरा आम्ही. अव्याचे वडील मधुकाका तो नारळ असा फोडायचे, की पाणी हमखास अण्णांच्या धोतरावर उडायचं.

अण्णांनी हेडमास्तरी तोडगा काढला. दोघांना समोर बसवून म्हणाले, "जन्म ठाण्याकडे, लग्नं डोंबिवलीकडे. अविनाश जन्मतारखा टाईप करील, सुधीर लग्नं करील. मग सुधीर सगळं एकत्र लावील."

"आणि मृत्यू?" मी विचारलं.

"ते माझ्याकडे राहू देत. तिथे घाई नसते."

महिन्याभराने अव्याने फ्लॉपी पाठवली. मी ती माझ्या मशीनमध्ये घातली. मशीनने विचार केला आणि मला विचारलं, की ही फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, करू का? मशीनने इतकं अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. दोन मिनिटांत चार पिढ्या साफ!

"अरे गाढवा, तू फॉरमॅट केलीस?" अव्या फोनवर किंचाळला. "ती माझ्या मशीनची फ्लॉपी होती! तुझ्या डब्याला ती वाचताच येत नाही!"

"मग ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे पाठवलीस कशाला?"

"मला काय माहीत तुझं मशीन अडाणी आहे ते!"

दुसरी फ्लॉपी त्याने माझ्या मशीनला कळेल अशी करून पाठवली. ती उघडली. पण उघडली तर काय, नावांच्या जागी नुसते ठिपके, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं! त्याचे मराठी फाँट माझ्याकडे नव्हते, माझे त्याच्याकडे नव्हते. आमचे पणजोबा म्हणजे तीन टिंबं आणि एक टक्क्याची खूण. मी अव्याला फोन केला.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला.

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. त्या वर्षी मी ते इतक्या वेळा ऐकलं, की पुढेपुढे फोन उचलायच्या आतच मला ऐकू यायला लागलं.

नावं सगळी मी पुन्हा हाताने टाईप केली. पोस्टकार्डं समोर ठेवून, एकेक काना-मात्रा बघून. पण एक गोष्ट मात्र झकास झालेली, ती म्हणजे तारखा. तारखांना फाँट लागत नाही. अव्याच्या तक्त्यातला जन्मतारखांचा अख्खा रकाना मी उचलला, माझ्या तक्त्यात चिकटवला आणि तो टकाटक बसला. एक ठिपका नाही, एक डॉलर नाही! इतका स्वच्छ रकाना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. ज्या गोष्टीने त्रास दिला ती मी चारचारदा तपासली, आणि जी मुकाट्याने आली तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. लोक पोरांच्या बाबतीतही असंच करतात म्हणा.

मुद्रितं आल्यावर अण्णा म्हणाले, "शुद्धलेखन मी बघतो. आकडे तुम्ही बघा."

मी अव्याला सांगितलं, जन्म तुझं खातं, तू तपास. अव्याने ते आपल्या मशीनवर तपासले आणि कळवलं, "माझ्याकडे बरोबर दिसतंय." खोटं नव्हता बोलत तो. त्याच्याकडे बरोबरच दिसत होतं.

दरम्यान अण्णांचं दुसरं कामही मार्गी लागत होतं. मेधाला टेंभी नाक्याच्या आठल्यांचं स्थळ आलेलं. मुलगा संजय, सत्तावीस वर्षांचा, बँकेत. मेधा पंचवीसची. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, पत्रिका जुळली. साखरपुड्याचा दिवस तेवढा ठरायचा होता. मेधा मनापासून खूश होती; संजयचा फोन आला की ती फोनची वायर ताणून पार मोरीपर्यंत जायची. आणि अण्णांच्या डोक्यात आलं, की कुलवृत्तांताचं प्रकाशन होणाऱ्या व्याह्यांच्याच हस्ते करावं! एका दगडात दोन पक्षी, असा त्यांचा हिशेब. पक्षी आम्हीच निघालो, ते सोडा.

वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये घराण्याचं संमेलन भरलं. झाडून सगळे हातखंबकर आले. स्टेजवर आठल्ये, शेजारी अण्णा, पलीकडे मधुकाका. आठल्यांनी लाल कागदाची गुंडाळी सोडली, टाळ्या झाल्या, प्रती वाटल्या गेल्या. मी आणि अव्या बाजूला उभे राहून एकमेकांकडे न बघता नमस्कार स्वीकारत होतो.

आठल्ये सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. समोर कागद आला की खिशातली पेन्सिल आपोआप बाहेर यायची. दुसऱ्यांची भाषणं चालू असताना त्यांनी होणाऱ्या सुनेचं पान काढलं. वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हातखंबकर," ते अण्णांना हळूच म्हणाले. समोर माईक होता, त्यामुळे ते हळू बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "आपलं लग्न मे चौसष्टचं ना?"

"हो हो. वैशाखातला मुहूर्त होता."

"मग आपले चिरंजीव सुधीर बासष्ट सालचे कसे?"

हॉलमध्ये एक बारीकशी खसखस झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला, हसायला नव्हे. "अगंबाई! अहो, सहासष्टचा आहे तो! काय मेलं छापलंय हे!"

मग सगळ्यांनीच पानं उलटायला सुरुवात केली. आधी लोकांनी दुसऱ्यांची पानं वाचली आणि पोट धरधरून हसले. मग प्रत्येकाने आपलं पान उघडलं, आणि हॉल चिडीचूप झाला. बायका बोटांवर वर्षं मोजायला लागल्या. नवरे छताकडे बघायला लागले. आमच्या कुळात लग्नानंतर पहिलं मूल झालेलं एकही जोडपं नव्हतं! तीन पिढ्या, सगळे सरसकट! खुद्द अव्या त्याच्या आईवडिलांच्या लग्नात करवला म्हणून फिरण्याच्या वयाचा होता.

"हे काय आहे रे, अव्या?" मधुकाका स्टेजवरून ओरडले.

"बाबा, माझ्याकडे तर बरोबर दिसत होतं!"

इथे संपलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण नारळाचंच पुढे आलं. मधुकाकांनी पहिलं पान काढलं. "थांबा, थांबा! विष्णुपंत, जन्म एकोणीसशे दोन. गोपाळपंत, जन्म एकोणीसशे एक? गोपाळकाका थोरले?" ते उठून उभेच राहिले. "म्हणजे डोंबिवलीकर थोरली पाती! म्हणून हा सगळा उपद्व्याप होय! अहो, नारळ पाहिजे होता तर तोंडाने मागायचा होता, पुस्तक कशाला छापायला पाहिजे होतं?"

"मधू, शब्द सांभाळ," अण्णा म्हणाले. पण त्यांचा आवाज वर्गात यायचा तसा आला नाही. ते पुस्तक दोन्ही हातांनी धरून बसले होते.

आठल्यांनी मेधाच्या नावापुढे पेन्सिलीने एक खूण केली. पुस्तकाप्रमाणे मेधा सदुसष्टची, म्हणजे एकोणतीस वर्षांची आणि संजयपेक्षा दोन वर्षांनी मोठी. त्यांनी पुस्तक मिटलं, नारळ-शाल घेतली आणि खाली उतरताना अण्णांना म्हणाले, "आम्ही विचार करून कळवतो."

मुलीच्या घरच्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मेधाने संजयकडे बघितलं, तर तो चपला शोधत होता.

घरी गेल्यावर अण्णांनी वीस वर्षांची पोस्टकार्डं एकेक करून ट्रंकेत भरली आणि स्वतः ट्रंकेवर बसले. मी ते बघितलं, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी जगातला प्रत्येक कॉम्प्युटर दगडाने फोडावासा वाटला. माझा सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी अव्या पडलेला चेहरा घेऊन डोंबिवलीला आला. आम्ही दोघं तक्ता घेऊन बसलो. मी माझी तारीख वाचली, अकरा मार्च बासष्ट. खरी, बारा मार्च सहासष्ट. त्याची चुकली तीही तेवढ्यानेच. मेधाची, अण्णांची, सगळ्यांची चूक तेवढीच, चार वर्षं आणि एक दिवस. मग अव्याने मशीनचं जाडजूड पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अरे सुध्या, मशीन तारीख म्हणून तारीख ठेवतच नाही रे. नुसते दिवस मोजून आकडा ठेवतं. तुझं मशीन मोजायला सुरुवात करतं एकोणीसशे सालापासून आणि माझं एकोणीसशे चारपासून. तू रकाना उचलून चिकटवलास, आकडा तोच आला, पण मोजणी तुझ्याकडची."

"आणि विष्णुपंतच तेवढे बरोबर कसे आले?"

"त्यांचा जन्म दोनचा. चारच्या आधीचं माझं मशीन मानतच नाही. म्हणून ती तारीख मी नावासारखी अक्षरांत टाईप केलेली, फक्त इंग्रजीत. ती हलली नाही."

म्हणजे बघा! त्याच्या मशीनला विष्णुपंत जन्मलेले मान्य नव्हते म्हणून ते वाचले, आणि माझ्या मशीनने गोपाळपंतांना ओढून त्यांच्या मोठ्या भावाच्या आधी जन्माला घातलं. परदेशातल्या दोन कंपन्यांनी आपापसात कधीपासून मोजायचं ते ठरवलं नाही, आणि फटका कोणाला? डोंबिवलीच्या हेडमास्तरला! त्या कंपन्यांत कोणाच्या बहिणीचं लग्न मोडत नसावं.

आता हे आठल्यांना तोंडी सांगून पटणार नव्हतं. तेव्हा आम्ही दोन्ही मशीनं टेम्पोत घातली आणि टेंभी नाक्यावर नेली. दुसऱ्या मजल्यावर चढवली. मेधाही आली. "माझ्या वयाची सुनावणी आहे, मला नको यायला?" असं म्हणाली. आठल्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन मॉनिटर शेजारी-शेजारी लागले. प्लग पॉइंट एकच होता, म्हणून फ्रीज बंद करावा लागला. आठल्येकाकूंनी कपाळाला आठी घालून आतलं दूध बाहेर काढलं.

आठल्ये पेन्सिल घेऊन समोर बसले. "माझीच तारीख घाला."

अव्याने त्यांची जन्मतारीख आपल्या मशीनवर घातली. त्याने फ्लॉपी माझ्या मशीनला कळेल अशी केली, मी फ्लॉपी घेतली, रकाना उचलला आणि चिकटवला. आठल्ये एका क्षणात चार वर्षांनी म्हातारे झाले.

"अरे बापरे!" ते खुर्चीत मागे सरकले. "म्हणजे यांच्या हिशेबाने मी चोपन्नाव्या वर्षीच रिटायर झालो असतो!"

"आणि उलटं नेलं तर?" काकू मधेच म्हणाल्या. "याच्यावरून त्याच्यावर?"

"उलटं नेलं तर चार वर्षं कमी होतात, काकू," अव्या म्हणाला.

"मग ते छापायचं की, मेल्यांनो! घराण्यातल्या एका तरी बाईने तक्रार केली असती का?"

पहिल्यांदा सगळे हसले. आठल्येसुद्धा. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि अण्णांच्या वतीने आलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. मुलगी पंचवीसचीच आहे, आमची खात्री पटली. आता आमची काही हरकत नाही."

मी अव्याच्या पाठीत आनंदाने गुद्दा घातला. जन्मात पहिल्यांदा.

मेधाने चहाचा कप खाली ठेवला. "संजय, एक विचारू? मी खरंच एकोणतीसची असते तर?"

संजय गडबडला. "अगं, पण तू नाहीयेस ना. हा प्रश्नच येत नाही."

"असते तर, म्हटलं. चार दिवस तुझा फोन नाही. तुला माझा आवाज माहीत आहे, मी माहीत आहे. मला एकदा फोन करून विचारायचंस तरी."

संजयने बाबांकडे बघितलं. "नाही, म्हणजे बाबा म्हणाले होते की आधी..."

"बरं," मेधा म्हणाली. "मग माझी हरकत आहे."

आम्ही मशीनं उचलून जिने उतरलो. हातात मॉनिटर असला की बोलताही येत नाही. टेम्पोत मेधा दोन मशीनांच्या मधे बसली आणि कल्याण फाट्यापर्यंत रडली. अव्याने तिला रुमाल दिला. मी काय देणार? माझ्या मांडीवर की-बोर्ड होता.

मेधाचं लग्न पुढच्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या वसंताशी झालं. तो खडवलीचा. त्यांच्या घरात एकूण एक माणसाची जन्मतारीख एक जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं आणि घरी कोणाला आठवेना. मेधा सासरी खरोखर सुखात आहे. तिच्या सासूला मी एकदा कुलवृत्तांत दाखवला, तर ती म्हणाली, "कवा का जल्मली आसंना, माणूस सोन्याचं हाय." या एका वाक्यात वीस वर्षांच्या पोस्टकार्डांचं काम झालं असतं.

प्रतींमध्ये घालायला आम्ही शुद्धिपत्र छापलं. सुटा कागद. तो बहुतेकांनी हरवला, पुस्तक मात्र एकाने हरवलं नाही. त्यामुळे मला मुली सांगून यायच्या थांबल्या. मुलीचे वडील पुस्तक बघायचे, बोटं मोजायचे आणि आईकडे बघून उगाच खाकरायचे. आईने नात्यातल्या लग्नांना जाणंच सोडलं. मधुकाकांनी त्या वर्षी नारळ इतक्या जोराने आपटला, की तो फुटायच्या ऐवजी उडून देवळापुढच्या तळ्यात गेला.

अण्णांनी दुसऱ्या आवृत्तीचं मनावर घेतलं तेव्हा आम्हाला पुन्हा समोर बसवलं. मला वाटलं, आता कान उपटणार. पण ते शांतपणे म्हणाले, "जन्म मेधा बघेल. लग्नंही मेधाच बघेल. तुम्हा दोघांकडे मी मृत्यू देतो. तिथे चार वर्षं इकडची तिकडे झाली, तरी तक्रार करायला कोणी येणार नाही."

त्या खात्यातली पहिली नोंद अण्णांचीच करायची वेळ आली. आवृत्ती अर्धी झालेली, ट्रंक उघडीच होती. मी तारीख आकड्यांत लिहिली नाही, अक्षरांत लिहिली. दिवस, महिना, वर्ष, सगळं अक्षरांत, तेही आता दोघांकडे असलेल्या एकाच फाँटात. डोळे भरून आलेले, अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून खात्रीला अव्याला फ्लॉपी पाठवली आणि फोन केला. तोही रडवेला झालेला.

"सुध्या, काळजी करू नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडे बरोबर दिसतंय."

मी फोन ठेवला, उठलो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून आलो.